दुखण्यातून उठलीस, मग आता पळतेस कशाला?



मागच्या रविवारी अभिषेक-पूजा आटोपून मंदिराच्या पायऱ्या उतरत होते. आपल्या समाजातल्या एका वडीलधाऱ्या आजींनी हात धरून मला शेजारी बसवलं. म्हणाल्या, "बाई, एवढ्या मोठ्या दुखण्यातून पुण्याईनं उठलीस. आता घरी बसून णमोकार जपायचा, स्वाध्याय करायचा. छातीवर नंबर लावून मुंबईच्या रस्त्यानं पळायचं हे काय सुचलं तुला? आणि वरून लोकांकडं पैसे मागितलेस म्हणे!"

आजी रागानं बोलत नव्हत्या. माझ्या केमोच्या दिवसांत त्यांच्याच घरून मला मुगाच्या डाळीचं पाणी यायचं. त्यामुळे तिथं उत्तर द्यायला जीभ वळली नाही, नुसती हसले. पण हा प्रश्न एकट्या आजींचा नाही. मंडळातल्या बऱ्याच जणींच्या मनात तो आहे, काहींनी आडून आडून विचारलाही. म्हणून आज नीट बसून लिहिते.

झालं ते एवढंच. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत मोठी मॅरेथॉन असते, २००४ पासून. बेचाळीस किलोमीटर धावणारे वेगळे. त्याच दिवशी साधारण सहा किलोमीटरची 'ड्रीम रन' असते, तीत हौशी माणसं असतात आणि निरनिराळ्या सेवाभावी संस्थांसाठी पैसे गोळा करणारेही असतात. कॅन्सरच्या गरीब रुग्णांना मदत करणाऱ्या एका संस्थेसाठी मी त्यात उतरले. अंगावर साडी, पायात बूट. थोडी पळाले, जास्त चालले. त्याआधी दोन महिने ओळखीच्यांना, नातेवाइकांना, दुकानावर येणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना सांगून त्रेचाळीस हजार पाचशे रुपये जमवले होते. नंबरचा कागद साडीवर डाव्या बाजूला टाचला. तिथं ऑपरेशननंतर सपाट आहे, पिना लावायला बरं पडलं.

हे असं उघड लिहिताना आजही हात थबकतो. पण न लिहिण्याची किंमत मी मोजलेली आहे, तीही सांगते.

सहा वर्षांपूर्वी आंघोळ करताना गाठ हाताला लागली. घरात पुतणीचं लग्न तीन महिन्यांवर आलेलं. म्हटलं, लग्नाच्या घरात दवाखान्याचा विषय नको. लग्न पार पडलं, पाहुणे गेले, लोणची-पापड झाले, तोवर चातुर्मास लागला. मग म्हटलं, दशलक्षण होऊन जाऊ दे. त्या वर्षी मी दहा उपवास केले. पारणं झालं, समाजानं सत्कार केला, हार घातला. त्या हाराखाली गाठ लिंबाएवढी झाली होती. दुखत नव्हती. बायकांनो, हेच लक्षात ठेवा, ही गाठ बहुतेक वेळा दुखत नाही आणि दुखत नाही म्हणून आपण तिला साधी समजतो. सात महिने मी कुणाला सांगितलं नाही. यांनाही नाही.

नंतर ऑपरेशन, केमो, रेडिएशन. रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला जायचं, दादरच्या धर्मशाळेत खोली मिळाली तर तिथं उतरायचं, पहाटे परळला रांगेत उभं राहायचं. परभणीत मात्र घरच्यांनी सांगून ठेवलं होतं की मणक्याचं दुखणं आहे. कारण लेकीची स्थळं पाहायला सुरुवात झाली होती. 'आईला कॅन्सर आहे म्हटल्यावर पुढं कोण येईल?' असं घरात बोललं गेलं आणि मीही मान डोलावली. डोक्यावरचे केस गेले तेव्हा पदर कपाळापर्यंत ओढून मंदिरात जायचे. दर्शन घेतानासुद्धा लक्ष पदराकडे असायचं.

आता आजींच्या प्रश्नाकडे येते. त्यात खरं तर चार प्रश्न आहेत.

पहिला कर्माचा. आपल्याकडे आजार म्हटलं की लगेच 'असातावेदनीय कर्माचा उदय' असं म्हणतात. मीही मानते. पण हे सूत्र कुणासाठी आहे? जी आजारी आहे, तिनं समतेनं सहन करावं, कुणाला दोष देऊ नये, यासाठी ते आहे. शेजारणीनं 'काय पाप केलं असेल बाई' असं कुजबुजावं, यासाठी नाही. सम्यक्त्वाच्या आठ अंगांत निर्विचिकित्सा अंग येतं, म्हणजे रोगी देहाची किळस न करणं. त्यासाठी उद्दायन राजाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. रोगी मुनीचं रूप घेऊन आलेल्या देवानं अंगावर ओकारी केली, तरी राजानं तोंड फिरवलं नाही, स्वतःच्या हातानं धुतलं. ती कथा ऐकून आपण 'धन्य' म्हणतो आणि घरातल्या बाईचं दुखणं मात्र मणक्याचं म्हणून सांगतो. हे मला आता पटत नाही.

शिवाय कर्म मानणाऱ्या आपल्याच आचार्यांनी औषधाकडे पाठ फिरवलेली नाही. नवव्या शतकातल्या उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' हा अख्खा वैद्यकग्रंथ लिहिला, मांस-मधाशिवाय उपचार कसे करावेत ते सांगितलं. तो १९४० साली आपल्या सोलापुरातूनच छापला गेला. कर्माचा उदय आपल्या हातात नसेल, पुरुषार्थ तर आहे!

दुसरा प्रश्न जीवदयेचा. एका ताईंनी विचारलं, "पळताना ईर्यासमिती कुठं राहते?" प्रश्न चांगला आहे, मी स्वतः माताजींपुढं तो मांडला होता. ईर्यासमिती म्हणजे चार हात जमीन पाहत, उजेडात, पायवाटेनं, जीव वाचवत चालणं. मुनी-आर्यिकांसाठी ती पूर्णपणे आहे, आपण श्रावक शक्य तेवढी पाळतो. मी त्यावरून माझे नियम केले. अंधारात पळायचं नाही. जानेवारीत आपल्याकडे सात वाजत आले तरी नीट उजाडत नाही, तोवर थांबायचं. गवतातून, मातीच्या वाटेनं जायचं नाही, कृषी विद्यापीठातल्या डांबरी रस्त्यानंच जायचं. चातुर्मासात पळणं बंद, घरातल्या घरात किंवा गच्चीवर चालायचं. नजर खाली ठेवायची, कानात गाणी नाहीत. खरं सांगू का, आपण दोन गल्ल्यांसाठी स्कूटी काढतो तेव्हा ईर्यासमितीची आठवण कुणाला होत नाही. बाई पळाली की लगेच होते.

आपल्या समाजातल्या बायका रस्त्यावर पळाल्या नाहीत असंही नाही. २ एप्रिल २०२३ ला, महावीर जयंतीच्या तोंडावर, जितोच्या महिला शाखेनं 'अहिंसा रन' घेतली. देशात साठहून जास्त ठिकाणी एकाच दिवशी तीन, पाच, दहा किलोमीटर लोक धावले. तीत सासवा होत्या, सुनाही होत्या. अहिंसेच्या नावानं पळता येतं, तर औषधदानाच्या नावानं का नाही?

तिसरा प्रश्न देहाचा. 'एवढं मोठं ऑपरेशन झालं, झेपेल का? काही झालं तर?' ही काळजी मायेची आहे. पूर्वी डॉक्टरही अशा रुग्णांना विश्रांती घ्या म्हणत. आता उलट सांगतात. आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ रुग्ण घेऊन, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात, बरीच वर्षं चाललेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २०२५ च्या जूनमध्ये आला. ऑपरेशन आणि केमो झाल्यावर ज्यांना तीन वर्षं पद्धतशीर व्यायाम करायला लावला, त्यांच्यातले आठ वर्षांनंतर शंभरात नव्वद जण हयात होते. ज्यांना नुसती माहितीची पुस्तिका दिली, त्यांच्यातले शंभरात त्र्याऐंशी. तो अभ्यास आतड्याच्या कॅन्सरचा आहे, माझ्या दुखण्याचा नाही, तेव्हा जसाच्या तसा लावू नये. पण हातपाय हलवल्यानं नुकसानच होतं, ही भीती तरी मनातून काढावी.

मी डॉक्टरांना विचारून सुरुवात केली. पहिल्या महिन्यात नुसती दहा मिनिटं चालले. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या, त्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून त्या हातानं पाण्याचा हंडा उचलत नाही. सूर्यास्तापूर्वीचं जेवण सोडलं नाही. संध्याकाळी ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, वाटीभर ताक, एवढ्यावर सकाळी छान पळता येतं. ज्वारीही आपल्या विद्यापीठानंच काढलेली 'परभणी मोती' मिळाली तर उत्तम, भाकरी पांढरीशुभ्र होते. मुंबईला जाताना गाळून उकळलेलं पाणी आणि राजगिऱ्याचे लाडू घरूनच नेले. वाटेत वाटतात ती रंगीत सरबतं घेतली नाहीत, काही अडलं नाही.

आणि जिला पळता येत नाही तिनं पळू नये. षोडशकारण भावना आपण भाद्रपदात पूजेला म्हणतो, त्यांत 'शक्तितस्तप' आणि 'शक्तितस्त्याग' येतात. शक्तीनुसार तप, शक्तीनुसार त्याग. त्या 'शक्तीनुसार' कडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. गाठ अंगात असताना दहा उपवास करून हार घालून घेतला, तेव्हा ते माझ्या शक्तीनुसार होतं का? की लोक काय म्हणतील म्हणून होतं? त्याच सोळांत आणखी एक भावना आहे, वैयावृत्य, म्हणजे आजाऱ्याची सेवा. तपाला आपण हार घालतो. वैयावृत्य मात्र आपल्याकडे घरातल्या सुनेचं काम समजलं जातं आणि तिला कुणी हार घालत नाही.

चौथा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटला, गुप्तदानाचा. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये असं आपल्या घरांत शिकवलं जातं. मग फोटो काढून, नंबर लावून दान कशाला मागायचं? आणि अशा कार्यक्रमांत दिखावा असतोच. टी-शर्ट, फुगे, बॅनर, रस्त्यावर पडलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा खच मी डोळ्यांनी पाहिला. अपरिग्रह मानणाऱ्या बाईला ते खुपतं. म्हणून माझं मत असं आहे की देणाऱ्याचं नाव गुप्त राहावं. माझ्या त्रेचाळीस हजारांत कुणी किती दिले ते मी कुणालाच सांगितलं नाही. संस्थेची पावती मात्र ज्याला त्याला पोचवली, हिशेब मागून घेतला. पैसे मागणारीनं हिशेब दिलाच पाहिजे.

पण दुखणं गुप्त राहू नये. माझा फोटो समाजाच्या ग्रुपवर फिरला, त्यावर कुणी नाकं मुरडली असतील. आठ दिवसांत मला दोन फोन आले. एक तालुक्याच्या गावची, अडतीस वर्षांची. "काकू, मला गाठ लागतेय. तीन महिने झाले. घरात सांगितलं नाही." दुसरी तर माझ्याच घराच्या मागच्या गल्लीतली. पहिलीला मी स्वतः घेऊन गेले, तिची गाठ साधी निघाली. दुसरीची साधी निघाली नाही, पण लवकर कळलं, उपचार सुरू आहेत आणि डॉक्टर आशेनं बोलतात. त्या दोघी माझ्याकडे का आल्या? मी फार मोठी धावपटू आहे म्हणून नाही. माझं दुखणं मणक्याचं नव्हतं, हे त्यांना कळलं म्हणून.

मैत्रिणींनो, या वाटेवर आपल्या आधी चाललेली माणसं आहेत. कॅनडातल्या टेरी फॉक्सची गोष्ट तुमच्या मुलांना शाळेत माहीत असेल. हाडाचा कॅन्सर झाला म्हणून १९७७ मध्ये, अठराव्या वर्षी त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला. दवाखान्यात शेजारच्या खाटांवरची कॅन्सरची मुलं त्यानं पाहिली, ती त्याच्या मनातून जाईनात. १२ एप्रिल १९८० ला तो कृत्रिम पायावर देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळत निघाला. त्याची मागणी साधी होती, प्रत्येक देशवासीयानं कॅन्सरच्या संशोधनासाठी एक डॉलर द्यावा. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि कॅन्सर फुप्फुसात पोचल्याचं कळलं, थांबावं लागलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो गेला, तेवीस पूर्ण व्हायचे होते. जाण्याआधी त्याला कळलं होतं की दोन कोटी चाळीस लाखांहून अधिक डॉलर जमलेत. देशाची लोकसंख्याही तेव्हा साधारण तेवढीच होती. माणशी एक डॉलर! त्याच्या नावाच्या दौडी पुढे देशोदेशी होऊ लागल्या, मुंबईतही झाल्या.

कृत्रिम पायावरून आपल्याच समाजातले एक गृहस्थ आठवतात. राजस्थानातले सरकारी अधिकारी डी. आर. मेहता यांना १९६९ मध्ये भीषण अपघात झाला, पाय कापावा लागेल अशी वेळ आली होती. ते बरे झाले आणि १९७५ मध्ये त्यांनी जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती सुरू केली. तिथं आजही जयपूर फूट फुकट बसवून देतात. वाचलेल्या माणसानं वाचण्याचं ऋण कसं फेडावं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि आता आपल्या महाराष्ट्रातली बाई. लताबाई करे. साठी ओलांडलेली, मजुरी करून जगणारी, मूळ बुलढाण्याकडची, पोटासाठी बारामतीजवळ येऊन राहिलेली. दहा-बारा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या एमआरआय तपासणीसाठी पैसे नव्हते. बारामतीत ज्येष्ठांसाठी तीन किलोमीटरची स्पर्धा आहे आणि जिंकलं तर पाच हजार मिळतात असं कळलं. ती नऊवारीत, अनवाणी धावली आणि पहिली आली. तिच्यावर नंतर चित्रपट निघाला, त्यात तिनं स्वतःच काम केलं, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा खास उल्लेख झाला. आपण सगळ्यांनी तो फोटो पाहून टाळ्या वाजवल्या.

मला मात्र अलीकडे तो फोटो पाहून टाळी वाजवावीशी वाटत नाही. नवऱ्याच्या तपासणीसाठी त्या वयाच्या बाईला अनवाणी पळावं लागलं, यात कौतुकाइतकीच लाजही आहे. ती नाइलाजानं पळाली. मला तसा नाइलाज नाही. दुकान होतं, विमा होता, मुंबईला न्यायला घरची माणसं होती, म्हणून मी आज हे लिहायला आहे. सात महिने लपवूनही मी वाचले, कारण माझ्यामागे पैसा उभा राहिला. ज्या बाईमागे तो नाही, तिनं सात महिने लपवलं तर काय होतं, ते मी रेडिएशनच्या रांगेत पाहिलं. माझ्या शेजारी बसणारी मराठवाड्यातलीच एक शेतमजूर बाई तिसऱ्या आठवड्यापासून आली नाही. भाड्याला पैसे नव्हते, एवढंच कळलं. म्हणून मी पळते, आजी. तिच्या जागी पळते म्हणा.

पैसे कुठं जावेत, याबद्दलही माझं स्पष्ट मत आहे. उपचाराला तर हवेतच, पण आधी तपासणीला हवेत. हे मी मनानं सांगत नाही. आपल्याकडच्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १९९९ पासून मोठा अभ्यास झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलची माणसं गावोगाव गेली. तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायका त्यात होत्या. त्यांतल्या एका गटाची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही तपासणी केली, आयुष्यात फक्त एकदा. काही वर्षांनी पाहिलं तर, ज्या गटाला अशी तपासणी देऊ केली नव्हती त्याच्या मानानं, या गटातले त्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. २००९ मध्ये हे जगभर छापून आलं. आपल्याच मातीतल्या, आपल्यासारख्याच लुगडी-साड्या नेसणाऱ्या बायकांनी जगाला हे शिकवलं आणि आपल्याच मंडळात ते कुणाला ठाऊक नाही!

मुंबईतही टाटा हॉस्पिटलनं वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर वीस वर्षं असाच अभ्यास केला. मोठं यंत्र नाही, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासायचे, एवढंच. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. हातानं होणाऱ्या तपासणीला किती खर्च येतो? आपल्या एका पंगतीत त्याहून जास्त जातो.

कुणी म्हणेल, मंदिराचं द्रव्य यात घालता का? नाही. देवद्रव्याला हात लावायला मी सांगत नाही. चार दानं आपण लहानपणापासून पाठ केलेली आहेत, आहार, औषध, ज्ञान आणि अभय. आहारदानाला आपण चौके लावतो, मुनिसंघ आला की पहाटेपासून उभ्या राहतो. ज्ञानदानाला ग्रंथ छापतो. औषधदानाच्या वेळी मात्र कुणाला तरी एखादी गोळ्यांची पाकिटं देऊन मोकळ्या होतो. शास्त्रात औषधदानासाठी जिचं नाव घेतात ती वृषभसेना बाईच होती, हे विसरू नका.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. येत्या महावीर जयंतीला आपल्याकडे मिरवणूक निघेल, पाळणा होईल, बोल्या लागतील. त्याच्या आदल्या रविवारी, उजाडल्यावर, ऊन चढायच्या आत, परभणीत आपण बायकांनी तीन किलोमीटर चालावं किंवा पळावं. साडीत, पंजाबी ड्रेसमध्ये, जशा असाल तशा. बॅनर नको, टी-शर्ट नको, प्लास्टिकच्या बाटल्या नकोत, प्रत्येकीनं घरचा तांब्या आणावा. घरटी जमेल तेवढे पैसे द्यावेत, पेटीत टाकावेत, नाव नको. जमलेल्या पैशांतून बाई डॉक्टर बोलावून तपासणीचा एक दिवस ठेवावा. तो आपल्यापुरता नको. आपल्या घरी धुणं-भांडी करणाऱ्या, शेतावर येणाऱ्या बायकांना आधी बसवावं. ज्यांच्यात काही निघेल, त्यांच्या संभाजीनगर, बार्शी किंवा मुंबईच्या भाड्याची सोय त्यातूनच व्हावी. हिशेब मंदिराच्या फळ्यावर लावावा.

जिंतूरचे दोन-चार जण म्हणाले, नेमगिरीपर्यंत चालायचं का? गावापासून जवळ आहे, चढही फार नाही. त्यालाही माझी हरकत नाही. पार्श्वनाथांचं दर्शन होईल आणि पायही मोकळे होतील. फक्त डोंगराच्या वाटेवर पळू नये, नजर खाली ठेवून चालावं.

आता लेकीचं सांगते, कारण विचारणार आहात. तिचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं. बोलणी सुरू असताना मी व्याह्यांना स्वतः सांगितलं, घरातल्यांना न विचारता. दोन दिवस त्यांच्याकडून फोन आला नाही. ते दोन दिवस मला केमोपेक्षा जड गेले. तिसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या, सोबत त्यांच्या धाकट्या जाऊबाई. त्या जाऊबाईंनी मला बाजूला घेऊन पहिला प्रश्न विचारला तो हाच, की गाठ कशी ओळखायची.

आजी, तुम्हीही हे कुणाकडून तरी वाचून घ्याल. णमोकार मी जपते, सोडलेला नाही. विद्यापीठाच्या रस्त्यानं पळताना श्वासाबरोबर तोच असतो. रविवारी मी तुमच्याकडे येईन, तुमच्या दोन्ही सुनांना तपासणीच्या यादीत घालायचं आहे. त्यांना मी विचारलंय, त्या म्हणाल्या, आधी आजींना विचारा.

जय जिनेंद्र.